बेटावरच्या मनोऱ्याचा कठडा

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, प्रेशर दिवसातून चार वेळा मोजत बसू नका. जी काळजी वाटते ती वहीत लिहा आणि वही मिटा. म्हणून ही वही. माझं शिक्षण सातवी, तेही उदगीरकडच्या खेड्यातलं. शुद्धलेखन कोणी तपासू नये.

आजची काळजी अशी. रविराज कामावरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, दौलतरावांनी बोलावलंय तुम्हाला. लाकडी पॅटर्न करायचाय."

मी म्हटलं, "मला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. हात थरथरतो."

"थरथरत नाही, तुम्ही थरथरवता."

माझी बायको शालन हसली. मला हसू आलं नाही. रविराज दौलतरावांच्याच फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. काम बिघडलं तर शिव्या त्याला खाव्या लागतील. पण चौतीस वर्षं पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, केले आणि आता कोणी विचारत नाही, हेही खरं. जातो म्हणालो.

७ फेब्रुवारी

रविराजच्या गाडीवर मागे बसून कुरुळीला गेलो. तळवडे चौकातच पाऊण तास गेला. कंबर धरली.

दौलतराव मूळ तिथलेच. बापाच्या ज्वारीच्या रानातच त्यांची भट्टी उभी आहे. मला बघून खुर्ची सोडून उठले. "या मिस्त्री. म्हनलं हायेत का गेले!"

"आहे अजून."

"बारा तुकड्यांसाठी मशीनवर पॅटर्न परवडत न्हाई. आन् वर नक्षी हाय. ते काम तुमचंच."

काम नॉर्वेचं आहे. समुद्रात एक एवढंसं बेट, नुसता खडक आणि चार मुठी गवत. त्यावर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दीपस्तंभ. दीडशे वर्षांचा. वर दिव्याच्या खोलीभोवती गोल सज्जा आहे आणि त्या सज्ज्याचा कठडा खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला आहे. बारा सारखे तुकडे ओतायचे, जोडले की गोल व्हायचा. तिकडे एवढ्या थोड्या मालासाठी कोणी भट्टी लावत नाही म्हणे.

फोटो दाखवला. एक म्हातारा त्या कुजक्या कठड्यावर हात ठेवून उभा आहे, मागे सगळं पाणी. टोरे नाव त्याचं, वय एक्याऐंशी. त्याचा बाप दिवा सांभाळायचा, हा त्या खडकावरच वाढला. आता शेजारी लोखंडी खांबावर आपोआप लागणारा दिवा आहे, मनोरा बंद. पण तिथल्या लोकांनी ठरवलंय, कठडा बसला की सोळा ऑगस्टला, मनोऱ्याला दीडशे वर्षं पुरी होतील त्या दिवशी, जुना दिवा पुन्हा लावायचा. तिकडे काम करण्याजोगा उन्हाळा दोनच महिने. तेवढ्यात बसला तर बसला.

मी समुद्र एकदाच पाहिला, अलिबागला, तोही ओहोटीचा. तरी त्या म्हाताऱ्याचा हात बघून बरं वाटलं. कसा ठेवलाय बघा, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात.

१२ फेब्रुवारी

ड्रॉइंग मिळालं. ते निशिगंधा नावाच्या मुलीनं काढलंय. चिपळूणकडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटरवर बसते. कागद टेबलावर पसरून सगळं बोट ठेवून सांगितलं. मग म्हणाली, "काका, कोपऱ्यातली टीप वाचलीत ना?"

कोपऱ्यात इंग्रजीत तीन ओळी होत्या. मी म्हटलं, "वाचली, वाचली. तू जन्मायच्या आधीपासून कागद वाचतोय मी."

ती म्हणाली, "तसं नाही काका, विचारलं फक्त."

असंच विचारतात ही पोरं, परीक्षा घेतल्यासारखं. आकडे मला कळतात. आकडे सगळीकडे सारखेच असतात. बाकीचं पूर्वी फोरमन सांगायचा. रविराजला विचारता आलं असतं, पण पोरासमोर, तेही त्याच्या माणसांदेखत, हे काय लिहिलंय म्हणून कागद धरायचा? नाही.

बीड वितळून साच्यात ओतलं की थंड होताना आक्रसतं. मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे खरा मीटर आणि वर दहा मिलिमीटर. त्या पट्टीनं मापलं की वाढ आपोआप धरली जाते. या पोरीनं ती पट्टी डोळ्यांनी तरी पाहिली असेल का, शंका आहे.

१९ फेब्रुवारी

जुन्या कठड्याचं एक तुटकं पान नमुन्याला आलंय. द्राक्षाच्या पानासारखी नक्षी. साध्या पट्टीनं मापलं तर बरोबर दीडशे मिलिमीटर. ड्रॉइंगवर त्याच पानाचं माप एकशे साडेएक्कावन्न. वाऱ्यानं दीड मिलिमीटर खाल्लं असणार. नाहीतर पोरीनं चुकवलं असेल. कागदावर आहे तेच धरलं, उगाच बोलणं नको.

दुपारी तिनं बिनसाखरेचा चहा आणून दिला. माझी साखर तिला कोणी सांगितली कोण जाणे. रविराजनं सांगितली असेल तर आणखी काय काय सांगितलं असेल?

८ मार्च

सागवान चांगलं मिळालं. हात खरंच थरथरत नाही, पटाशी धरली की थांबतो. पानाच्या शिरा कोरताना तीन तास कसे गेले कळलं नाही. साचे भरणारी, मोल्डिंगची पोरं येऊन बघून जातात. एक म्हणाला, "मिस्त्री, हे वितळवून टाकायला नको वाटतं." अरे, पॅटर्न वितळत नसतो, तो साच्यासाठी असतो, एवढंही माहीत नाही. पण बरं वाटलं.

प्रेशर एकशे चाळीस. तीनदाच मोजलं.

२८ एप्रिल

आज ओतलेले बारा तुकडे फाउंड्रीच्या अंगणात जोडले. झोप नव्हतीच.

एकेक तुकडा उचलून ठेवत गेले. अकरावा बसला तेव्हा मी दुसरीकडे तोंड फिरवलं. मग रविराज ओरडला, "बाबा, बघा की!" बारावा तुकडा दोन टोकांच्या मध्ये असा जाऊन बसला की मध्ये पत्त्याचं पान सरकवायला जागा नाही. पूर्ण गोल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दौलतरावांनी मला त्या गोलाच्या मधोमध उभं करून फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपांवर टाकला. "ह्ये आमचे भिमाजी मिस्त्री. सातवी पास. बोलवा तुमचे इंजिनेर."

निशिगंधा तिथेच उभी होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, खोटं का बोलू.

२९ एप्रिल

आज उगाच तोंड वाजलं. पॅकिंग चालू असताना निशिगंधा टेप घेऊन आली. म्हणाली, "सर, बाहेरचा व्यास एकदा मापूया. एकमेकांत बसलेत, पण मनोऱ्यावर बसायला हवेत."

दौलतराव म्हणाले, "उद्या अक्षय तृतीया. म्हूर्तावर गाडी सुटली पायजे. आता पुन्हा अंगणात मांडत बसू का?"

ती म्हणाली, "एकच तुकडा मापते मग."

तेव्हा मी बोललो. "बारा तुकडे एकमेकांत बसले, आणखी काय मापायचं? माझ्या कामावर टेप लावणारा फोरमनसुद्धा मेला." सगळे हसले. ती नाही हसली. टेप गुंडाळून गेली. तिनं लावला असता तरी काय निघणार होतं? प्रश्न मानाचा होता.

३० एप्रिल

नारळ फोडला. गाडी गेली. फोडलेला नारळ जरा नासका निघाला, पण कोणाला बोललो नाही.

११ जून

माल समुद्रावर आहे. दीड-दोन महिने लागतात. जहाज बुडालं तर काय, असं रविराजला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जहाजावर असता तर ते काळजीनंच बुडालं असतं."

२१ जुलै

बातमी आली. कठडा बसत नाही.

रविराजनं घरी येऊन सांगितलं आणि जेवला नाही. कठडा मोठा झालाय. सज्ज्याच्या तळाला जुनी भोकं आहेत, आमची भोकं प्रत्येक ठिकाणी अठरा मिलिमीटर बाहेर पडतात. जुनी वास्तू म्हणून तिथं नवीन भोक पाडायची परवानगी नाही, आणि बीड वाकत नाही, तुटतं.

फोटो आलाय. आमचे बारा तुकडे त्या खडकावर गवतात मांडलेत. जोडल्यावर पूर्ण गोल दिसतो. टोरे मधोमध उभा आहे, दोन्ही हात खिशात.

प्रेशर एकशे सत्तर.

२२ जुलै

दौलतरावांनी केबिनमध्ये बोलावलं. मी, रविराज, निशिगंधा.

"कुनाचं चुकलं?" दौलतराव एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "मी कागदाबरहुकूम केलं." ते खरंच होतं, माझ्या मते.

निशिगंधा माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही कोणती पट्टी वापरलीत?"

"कोणती म्हणजे? पॅटर्नची. आता तू मला पट्टी शिकवणार?"

तिनं डोळे मिटले. मग हळू म्हणाली, "सर, वाढ मी ड्रॉइंगमध्येच धरली होती. कागदावर तसं लिहिलंय. दोनदा धरली गेली."

"दाखव."

तिनं कॉम्प्युटरवर दाखवलं. दौलतराव म्हणाले, "ह्यातलं काय सांगतीस बाई, आत्ता बी बदलून ठेवता येतंय. खाली कामाला दिलेला छापील कागद कुठाय?"

"काकांकडे आहे."

मी म्हटलं, घरी आहे, आणतो.

ही पोरगी माझ्या अंगावर ढकलायला बघते. कागद दाखवला की कळेल.

२४ जुलै, गुरुवार

कारखान्याची सुट्टी. कागद पिशवीतून काढला. कोपऱ्यातल्या तीन ओळींवर बोट ठेवून रविराजला म्हटलं, "वाच."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग मराठीत सांगितलं: सगळ्या मापांत बिडाची वाढ धरलेली आहे. साधी पट्टी वापरावी. वाढीव पट्टी वापरू नये. खाली तारीख फेब्रुवारीची आणि तिची सही.

मी म्हटलं, "पुन्हा वाच." तो म्हणाला, "पुन्हा वाचून बदलणार आहे का?"

शालन कणीक मळत होती. रविराज म्हणाला, "बाबा, दौलतराव मला मॅनेजर करणार आहेत. नोटीस टाइप झालीय. तुम्हाला मीच आणलं, हे सगळ्यांना माहीत आहे." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "ती शिकलेली आहे. तिला कुठेही काम मिळेल."

हे बरोबरच आहे. तिला कुठेही मिळेल.

त्यानं कागद गॅसवर धरला. शालन म्हणाली, "अहो, काय जाळताय?" रविराजनं राख मोरीत सोडली. तिनं त्याच गॅसवर तवा ठेवला.

१ ऑगस्ट

निशिगंधाला काल काढलं. रविराज सांगतो, ती भांडली नाही. ड्रॉवरमधली पट्टी, डबा, छत्री घेतली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेली. कागद सापडत नाही असं मी दौलतरावांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री, आमास्नी म्हाईत हाय तुमचं काम." मला माहीत नाही, त्यांना नक्की काय माहीत आहे.

रविराज मॅनेजर झाला. पेढे आणले. माझी साखर वाढलेली, त्यामुळे मी खाल्ला नाही. शालनची साखर नॉर्मल आहे. तिनंही खाल्ला नाही.

१९ ऑगस्ट

नॉर्वेवाल्यांचं पत्र आलं, रविराजनं सांगितलं. सोळा तारखेला दिवा लावला नाही. सज्जा उघडा, कठड्याशिवाय वर माणूस चढवता येत नाही. लोक होड्या घेऊन आले होते, खालीच कॉफी पिऊन गेले. आता मनोऱ्याच्या माथ्यावर ताडपत्री बांधली आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. पुढचं काम ते पोलंडमध्ये देणार आहेत. आमच्या नक्षीचं मात्र कौतुक केलंय. पानं हुबेहूब जुन्यासारखी आहेत म्हणे, एक पान टोरेनं घरी टांगायला मागून घेतलं.

तेवढं तरी माझं बरोबर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो ब्याऐंशीचा होईल. मी त्र्याहत्तरचा. इतका विचार करायला तो माझा कोण?

७ सप्टेंबर, रविवार

डांगे चौकात भाजी घेत होतो. "काका," असा आवाज आला. निशिगंधा. वाळलीय. मारुंजीला मावसबहिणीच्या खोलीवर राहते. माझ्या हातातली पिशवी घेतली, नको म्हटलं तरी.

मी म्हटलं, "लागलीस का कुठं?"

"लागलेच होते. हिंजवडीत, ड्रॉइंगचंच काम. सगळं ठरलं. मग त्यांनी फाउंड्रीत फोन करून विचारलं. इथून सांगितलं, हिच्या मापामुळे एक्स्पोर्टचा माल फुकट गेला."

"कोणी सांगितलं?"

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, "मॅनेजरांनी."

मेथीची जुडी वीस रुपयाला होती. मी तिला सांगितलं, मेथी महाग झाली.

ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला भांडण्यासाठी थांबवलेलं नाही. तुम्हाला ती टीप वाचता आली नव्हती, हे मला आता कळतंय. तेव्हा कळायला हवं होतं. मी मराठीत लिहायला हवी होती, ती माझी चूक."

मी म्हटलं, "नाही, नाही, तसं काही नाही." कसं काही नाही, तेही सांगितलं नाही.

"मला फक्त चार ओळी लिहून द्या. वाढीव पट्टी वापरली, टीप पाहायची राहून गेली, एवढंच. रविराजदादांचं नाव नको, दौलतरावांचं नको. नवीन कंपनीचे साहेब म्हणालेत, शुक्रवारपर्यंत काही लेखी आणा, जागा ठेवतो."

मी हो म्हटलं. हात जोडून हो म्हटलं. तिनं पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

९ सप्टेंबर

रविराजला विचारलं. तो टीव्ही बघत होता. म्हणाला, "लिहा की. मग मी नोकरीसाठी कुठे अर्ज लिहू तेही सांगा." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी काय तिचं वाईट चिंतलंय? पण पोराला दोन लेकरं आहेत, घराचा हप्ता आहे. आणि ते साहेब माझ्यासारख्याच्या कागदावर विश्वास ठेवतील हे कशावरून? सातवी पास माणसाचं अक्षर. उलट हसतील तिला.

१० सप्टेंबर

तरी लिहून बघितलं. इथेच लिहितो, म्हणजे शब्द जुळतात का कळेल.

"मी, भिमाजी गोविंद पांचाळ, राहणार थेरगाव, पॅटर्नमेकर, लिहून देतो की नॉर्वेच्या दीपस्तंभाच्या कठड्याचा पॅटर्न मी केला. कु. निशिगंधा हिचं ड्रॉइंग बरोबर होतं. वाढ ड्रॉइंगमध्ये धरलेली होती आणि तसं तिनं कागदावर लिहिलं होतं, तोंडी विचारलंही होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी लपवलं आणि वाढीव पट्टी वापरली. माल जाण्यापूर्वी ती मापायला आली तेव्हा मीच अडवलं. चूक माझी एकट्याची आहे. तिची नाही."

वाचून बघितलं. एकही खाडाखोड नाही. एवढं सरळ मी कधी लिहिलं नव्हतं.

पण हे वहीत झालं. पान फाडायचं तर शिवणीतून त्याच्या जोडीचं पलीकडचं पानही सुटतं, वही खिळखिळी होते. कोऱ्या कागदावर उतरवायला पाहिजे. घरात कोरा कागद नाही. उद्या आणतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल दुकान बंद होतं. आज पाय दुखत होते. प्रेशर एकशे पासष्ट, पाच वेळा मोजलं.

१३ सप्टेंबर

सकाळी फोन वाजला. निशिगंधाचा नंबर. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी शालनला खूण केली, झोपलेत म्हणून सांग.

शालननं फोन उचलला. "हां बाळा. झोपलेत." थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही, तसं काही लिहून दिलेलं नाही माझ्याकडे." मग, "जेवलीस का?" असं विचारलं, आणि पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

फोन ठेवून ती आत गेली. चटई आणली. भर उजेडात माझ्यासमोर अंथरली, उशी ठेवली.

"आडवे व्हा," म्हणाली. "मी त्या पोरीशी खोटं नाही बोललेली."

सकाळचे अकरा वाजले होते. मी आडवा झालो.